कपाळ वर उचलण्याची शस्त्रक्रिया : लातूर जिल्ह्यातील एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचे वय ४९, तुम्ही माध्यमिक शाळेत शिकवता, आणि गेल्या चार-पाच वर्षांत तुमच्या भुवया, विशेषतः बाहेरच्या टोकाला, खाली उतरल्या आहेत. वर्गातली मुले विचारतात, "मॅडम, रागावलात का?" संध्याकाळी वह्या तपासताना डोळे जड होतात आणि कपाळ दुखते. एका दवाखान्यात तुम्हाला 'फोरहेड लिफ्ट', म्हणजे कपाळ वर उचलण्याची शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसरीकडे धागे घालून तासाभरात काम होईल असे सांगितले. तुमचे कपाळ मुळात उंच आहे, पुढचे केस विरळ झाले आहेत आणि मे महिन्यात मुलीचे लग्न आहे. शस्त्रक्रियेत नेमके काय करतात, कवटीत स्क्रू बसवतात हे खरे का, आणि लग्नाआधी हे उरकून घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी प्लास्टिक सर्जन म्हणून मराठवाड्यात २२ वर्षे काम करतो आहे. आमच्याकडे भाजलेले आणि अपघातातले रुग्ण अधिक येतात, सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया त्यामानाने कमी असतात. तरीही भुवया उतरल्याची तक्रार घेऊन येणारे रुग्ण मी नियमित पाहतो. तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा, आणि तुम्ही गेलात त्या दोन्ही ठिकाणी तो कुणी विचारलेला दिसत नाही : नेमके काय खाली आले आहे?

डोळा जड किंवा रागीट दिसण्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. भुवई डोळ्याच्या वरच्या हाडाच्या कडेखाली घसरलेली असते. किंवा भुवई जागेवर असते, पण वरच्या पापणीची कातडी सैल होऊन तिची घडी लोंबते. किंवा पापणी उघडणारा स्नायूच ढिला पडून पापणीची कड बुबुळावर उतरते. पन्नाशीच्या आसपास या तिन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात एकत्र आढळतात, आणि तिघींचा इलाज वेगळा आहे. कपाळाची शस्त्रक्रिया फक्त पहिलीवर चालते.

घरी एक साधी तपासणी करून पाहा. आरशासमोर बसा, डोळे मिटा, कपाळावरून हलका हात फिरवून ते सैल सोडा, अर्धा मिनिट तसेच राहा आणि मग कपाळ न हलवता समोर दिसेल इतकेच डोळे उघडा. त्या क्षणी भुवई जिथे असेल ती तिची खरी जागा. एरवी आरशात पाहताना आपण सगळेच नकळत कपाळ वर ओढतो, त्यामुळे ही जागा आपल्या कधी लक्षात येत नाही. आता डोळ्यावरच्या हाडाची कड बोटाने चाचपा. स्त्रीची भुवई साधारणपणे त्या कडेच्या किंचित वर असते आणि तिची कमान बाहेरच्या बाजूला उंच होते. पुरुषाची भुवई कडेवरच आणि बरीचशी सपाट असते. नंतर भुवईचे बाहेरचे टोक बोटाने पाच-सहा मिलिमीटर वर उचलून धरा. तेवढ्याने डोळा मोकळा दिसला, तर दोष मुख्यतः भुवईचा आहे. उचलूनही पापणीवर कातडीची घडी उरली, तर ती पापणीची स्वतःची जादा कातडी आहे. आणि पापणीची कडच बाहुलीच्या जवळ आलेली दिसली, तर गोष्ट स्नायूची आहे.

ही तपासणी मी इतक्या बारकाईने सांगतो, कारण सुरुवातीच्या वर्षांत ती न केल्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली. एका बाईंच्या वरच्या पापण्यांची जादा कातडी मी काढली. जखमा उत्तम भरल्या, पण महिनाभराने त्या आल्या तेव्हा भुवया पूर्वीपेक्षाही खाली होत्या आणि डोळे पुन्हा तसेच जड दिसत होते. त्या बाई वर्षानुवर्षे दिवसभर कपाळ ताणून आपली नजर मोकळी ठेवत होत्या. पापणीवरचा अडथळा गेल्यावर कपाळाने तो ताण सोडला आणि भुवई आपल्या खऱ्या जागी येऊन बसली. ती खरी जागा मी कपाळ सैल करून पाहिलीच नव्हती. तेव्हापासून रुग्णाला बसवून, कपाळ सैल करून, भुवईची उंची मोजून लिहिल्याशिवाय मी कोणताही निर्णय घेत नाही. तुमचे संध्याकाळचे कपाळ दुखणे बहुधा याच दिवसभराच्या ताणाचे आहे.

'संध्याकाळी डोळे जड होतात' या तुमच्या वाक्यापाशी मात्र मी थांबलो. वापराने स्नायू थकत जाण्याचा मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाचा आजार असतो. त्यात पापण्या सकाळी बऱ्या असतात आणि दिवस कलताना उतरतात, कधी एकाचे दोन दिसते, कधी घास चावताना किंवा गिळताना थकवा येतो. तुम्हाला तो आहे असे मी म्हणत नाही. कपाळ थकल्यानेही संध्याकाळी असेच होते, आणि तेच अधिक वेळा आढळते. पण नेत्रतज्ज्ञाने किंवा मेंदू-मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाने ही शंका दूर केल्याशिवाय कपाळाला चीर देणे मला मान्य नाही. त्यासोबत थायरॉइडची तपासणी करून घ्या, कारण थायरॉइडचे काम मंदावले की पापण्या सुजऱ्या दिसतात आणि भुवईच्या बाहेरच्या टोकाचे केस विरळ होतात. डोळ्यांत खुपते किंवा कोरडेपणा वाटत असेल तर तेही आधी सांगा. भुवई उचलल्यावर डोळा थोडा अधिक उघडा राहतो आणि आधीच कोरडा असलेला डोळा त्याने त्रासतो.

आता भुवई बाहेरूनच आधी का उतरते, ते समजून घेऊ. भुवई वर नेणारा स्नायू एकच आहे, कपाळावरचा फ्रंटॅलिस. खाली ओढणारे मात्र अनेक : दोन भुवयांमध्ये आठ्या पाडणारा कोरुगेटर, नाकाच्या मुळाशी असलेला प्रोसेरस आणि डोळ्याभोवती कड्यासारखा फिरणारा स्नायू. फ्रंटॅलिस कपाळाच्या मध्यभागी सशक्त असतो, पण कानशिलाच्या बाजूला हाडावर जी उभी कड हाताला लागते तिथपर्यंत येऊन संपतो. त्यामुळे भुवईच्या बाहेरच्या टोकाला वर धरणारे कुणी नसते, खाली ओढणारे असतात, आणि वयाबरोबर तेच टोक आधी घसरते. शिवाय भुवईच्या वर हाडावरचे आवरण हाडाच्या कडेशी घट्ट चिकटलेले असते. कातडी कितीही वर ओढली तरी हा बंध सुटल्याशिवाय भुवई टिकून वर राहत नाही. लोक समजतात की या शस्त्रक्रियेत कातडी ताणतात. खरे कौशल्य तो बंध पूर्णपणे आणि सुरक्षितपणे सोडवण्यात आहे. धागे घालून ओढण्याची पद्धत मला पटत नाही ती याच कारणाने : बंध जागेवरच राहतो, काही महिन्यांत परिणाम ओसरतो, आणि मधल्या काळात कातडीला खळ्या पडू शकतात.

हे काम करण्याच्या वाटा अनेक आहेत. सर्वांत जुनी म्हणजे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, केसांच्या आत काही सेंटिमीटर मागे चीर देऊन संपूर्ण कपाळ उलगडण्याची. सगळे स्पष्ट दिसते, परिणाम भक्कम येतो. पण व्रण लांब राहतो, चिरेच्या मागचा डोक्याचा भाग बराच काळ बधिर असतो, आणि केसांची रेषा मागे सरकते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत आली आणि आज शक्य असेल तिथे बहुतेक सर्जन ती निवडतात, म्हणून तीच थोडी विस्ताराने सांगतो.

रुग्ण शुद्धीवर आणि बसलेला असताना आम्ही खुणा करतो, कारण आडवे झाल्यावर भुवया आपोआप वर सरकतात आणि अंदाज चुकतो. नंतर पूर्ण भूल, किंवा झोपेचे औषध देऊन स्थानिक भूल दिली जाते. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून अॅड्रेनलिन मिसळलेले भुलीचे औषध कपाळात सोडतात आणि काही मिनिटे थांबतात. हे थांबणे महत्त्वाचे असते, कारण दुर्बिणीसमोर थोडेसे रक्त आले तरी काही दिसत नाही. केसांच्या रेषेच्या थोडे मागे दीड-दोन सेंटिमीटरच्या तीन ते पाच चिरा घेतात : सहसा एक मध्ये, दोन तिच्या दोन बाजूंना आणि दोन कानशिलांवर. त्यांतून हाडावरचे आवरण हाडापासून अलगद सोडवत भुवईकडे यायचे असते. वरचा भाग नुसत्या हाताच्या अंदाजानेही सुटतो. भुवईच्या वरचे शेवटचे दोनेक सेंटिमीटर मात्र दुर्बिणीतून पाहतच सोडवायचे, कारण तिथे कपाळाला आणि डोक्याला संवेदना देणाऱ्या नसा हाडाच्या खाचेतून वर येतात. त्या नसांसोबत येणाऱ्या रक्तवाहिन्यांशी आपल्या भूमीचे जुने नाते आहे. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीपासून नाक घडवल्याची हकिकत छापली गेली, आणि ती कातडी जगली ती कपाळाच्या याच मुबलक रक्तपुरवठ्यावर.

कानशिलाच्या बाजूला दुसरी नस जपावी लागते. चेहरा हलवणाऱ्या नसेची एक फांदी कानाच्या पुढून तिरकी वर जाऊन कपाळाच्या स्नायूला पोचते. तिला धक्का लागला तर त्या बाजूची भुवई उचलता येत नाही. म्हणून तिथे आम्ही कानशिलाच्या स्नायूवरच्या खोल पडद्याला धरून, म्हणजे नसेच्या खालच्या थरातून जातो. एक ठरावीक शीर दिसली की नस जवळ आली हे कळते आणि हात सावध होतो. कानशिलाचा आणि कपाळाचा असे दोन्ही भाग जोडले गेले, भुवईवरच्या कडेचा बंध आडवा सुटला, की संपूर्ण कपाळ एका चादरीसारखे सैल होते. आठ्या खोल असतील तर आठ्या पाडणारे स्नायू याच वेळी थोडे कमजोर करतात. ते जास्त कापले तर भुवया एकमेकींपासून दूर सरकतात आणि मध्ये खळगा दिसतो, म्हणून इथे कमी करणेच मला योग्य वाटते.

आता स्क्रूचा प्रश्न. सोडवलेले कपाळ नव्या उंचीवर ठेवल्यावर हाडाशी पुन्हा घट्ट चिकटायला त्याला काही आठवडे लागतात, आणि तोवर ते धरून ठेवण्याची सोय करावी लागते. त्यासाठी कुणी कवटीच्या फक्त बाहेरच्या थरात छोटा बोगदा पाडून त्यातून टाका ओवतात, कुणी छोटा स्क्रू बसवतात, तर कुणी शरीरात आपोआप विरघळणारे आधार वापरतात. ड्रिलला खोलीची मर्यादा घातलेली असते आणि कवटीच्या आतल्या थरापर्यंत जाण्याचे कारणच नसते. तेव्हा तुम्ही ऐकलेली गोष्ट खरी आहे, पण तिच्यातली भीती अनाठायी आहे. कानशिलावर तर हाडाची गरज पडत नाही. तिथे वरचा पडदा खालच्या भक्कम पडद्याला टाक्यांनी बांधतात. सगळ्याला साधारण दीड-दोन तास लागतात.

तुमच्या बाबतीत अडचण तुमच्या उंच कपाळाची आहे. दुर्बिणीच्या पद्धतीतही केसांची रेषा थोडी मागे जाते. अंबाडा घट्ट ओढून बांधण्याची अनेक वर्षांची सवय आणि वयाची केसगळती यांमुळे आपल्याकडच्या बऱ्याच स्त्रियांची रेषा आधीच मागे गेलेली असते. तुम्हीही तेच लिहिले आहे. अशा वेळी पुस्तकी उत्तर असे की चीर केसांच्या रेषेवरच, नागमोडी आणि तिरकी घ्यावी, म्हणजे व्रणातून पुन्हा केस उगवतात, आणि कपाळाची एक पट्टी काढून कपाळ लहान करावे. उत्तर बरोबर आहे, पण त्याला दाट केस लागतात. आपल्या सावळ्या कातडीवर व्रण कधी काळवंडतो, कधी पांढुरका राहतो, कधी जाड होतो, आणि विरळ केसांत तो झाकला जात नाही. केस मागे ओढून बांधणाऱ्या स्त्रीच्या कपाळावर तो थेट उजेडात येतो.

म्हणून तुम्हाला न तपासता, केवळ तुमच्या वर्णनावरून बोलायचे तर माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे : दोन्ही कानशिलांवर केसांच्या आत तीन-चार सेंटिमीटरची चीर घेऊन फक्त भुवईचे बाहेरचे टोक सोडवणे आणि उचलणे, आणि पापणीची जादा कातडी उरत असेल तर ती जपून, थोडीच काढणे. याने मधली केसांची रेषा हलत नाही, कपाळ उंच होत नाही, आणि तुमची मुख्य तक्रार बाहेरच्या टोकाचीच आहे. कपाळावरच्या आडव्या सुरकुत्या आणि मधल्या आठ्या मात्र यातून जाणार नाहीत. आठ्यांसाठी बोटॉक्सचे, म्हणजे स्नायू काही काळ सैल पाडणाऱ्या औषधाचे इंजेक्शन पुरते. त्याचा परिणाम तीन ते चार महिने राहतो. ते कपाळाच्या वरच्या स्नायूत सढळ हाताने दिले तर भुवया आणखी खाली येतात, तेव्हा तेही जाणत्या हातूनच घ्यावे. भुवईच्या लगेच वर चीर घेण्याची आणखी एक पद्धत आहे, पण ती मी चेहऱ्याच्या अर्धांगवायूत किंवा कुष्ठरोगाने चेहऱ्याची नस गेलेल्या रुग्णांत राखून ठेवतो. तिथे भुवई नजरेच्या आड येत असते आणि व्रणापेक्षा नजर महत्त्वाची ठरते.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस लोकांना आधी नीट सांगितले जात नाहीत. पहिले दोन-तीन दिवस सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते आणि डोळे अर्धे मिटल्यासारखे होतात. निळे-काळे डाग दीड-दोन आठवडे राहतात. उशा उंच घेऊन झोपावे लागते. टाके किंवा पिना सात ते दहा दिवसांत काढतो. डोक्याची कातडी काही आठवडे ते काही महिने बधिर असते, आणि संवेदना परत येताना मुंग्या येतात, खाज सुटते. ते चांगले लक्षण असले तरी त्रासदायक असते. चिरेभोवतीचे केस गळू शकतात, ते सहसा तीन-चार महिन्यांत परत येतात. सुरुवातीला भुवई हवी त्यापेक्षा थोडी वर दिसते आणि नंतर बसते, म्हणून पहिल्या पंधरवड्यात कुणाच्या शेऱ्याने घाबरून जाऊ नये. रक्त साकळणे, जंतुसंसर्ग, दोन भुवयांत फरक राहणे, भुवई उचलणारी नस काही काळ मंदावणे, या गोष्टी कमी घडतात, पण घडतात. एका बाजूला अचानक वाढणारी सूज आणि तीव्र दुखणे, किंवा नजर धूसर होणे, यांसाठी रात्री दोन वाजताही फोन करायचा असतो. तो फोन कोण उचलेल, हे आधी विचारून ठेवा.

आपल्या भागातली एक गोष्ट मी प्रत्येक स्त्रीला स्पष्ट विचारतो, आणि तुम्हालाही विचारतो, राग मानू नका : मिश्री लावता का? तंबाखू खाता का, असे विचारले तर बाई नाही म्हणतात, आणि दात घासायची मिश्री त्यात धरत नाहीत. निकोटीन हिरडीतूनही रक्तात जाते, कातडीचा रक्तपुरवठा आकसतो, जखम उशिरा भरते आणि केस गळतात. किमान चार आठवडे आधी ती बंद हवी. साखर असेल तर ती आटोक्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या ज्यांनी लिहून दिल्या त्या डॉक्टरांना विचारूनच थांबवायच्या, स्वतःच्या मनाने नाही. भुवया गोंदवून घेण्याचा, म्हणजे मायक्रोब्लेडिंगचा विचार असेल तर तो शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी करा. आधी केलेले गोंदण भुवईसोबत वर सरकते आणि चुकीच्या जागी दिसते.

सर्जन निवडताना एम.सीएच. किंवा डीएनबी ही प्लास्टिक सर्जरीची पदवी, किंवा डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जरीचे प्रशिक्षण घेतलेला नेत्रतज्ज्ञ, हे पाहा, आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी तपासा. भूल देणारे डॉक्टर हजर असतील का, ते विचारा. त्यांच्या स्वतःच्या रुग्णांचे, एक वर्षानंतरचे, कपाळ सैल ठेवून काढलेले फोटो मागा. दुर्बिणीची सोय सगळीकडे नसते. लातूरहून पुणे किंवा हैदराबादला जायचे ठरले तर पहिल्या दहा दिवसांत किमान दोन फेऱ्या पडतील, तो हिशेब धरा. आरोग्य विम्यातून सौंदर्यासाठीचा खर्च सहसा मिळत नाही. भुवई किंवा पापणी नजरेआड येत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून तसे लेखी घ्या आणि मग विमा कंपनीला विचारा.

राहिला मे महिन्यातल्या लग्नाचा प्रश्न. आता डिसेंबर संपत आला आहे. नेत्रतज्ज्ञाची, थायरॉइडची आणि संध्याकाळच्या जडपणाची तपासणी नीट केली तर जानेवारी त्यातच जाईल. त्यानंतर लगेच शस्त्रक्रिया केली तरी लग्नात तुमचे डोके अजून बधिर असेल, कानशिलावरचे केस विरळ असतील, गजऱ्याच्या आकड्या टोचल्या तरी कळणार नाहीत, आणि कोवळे व्रण मराठवाड्याच्या मे महिन्यातल्या उन्हात सापडून काळवंडतील. मुलीच्या लग्नाच्या तारखेशी ही शस्त्रक्रिया बांधू नका. तपासण्या आता सुरू करा. आठवडाभर रोज सकाळी आणि संध्याकाळी, एकाच खिडकीपाशी, कपाळ सैल ठेवून चेहऱ्याचा फोटो काढा, आणि तिशीतला एखादा समोरून काढलेला जुना फोटो शोधून ठेवा. तुमच्या भुवया तेव्हाही खालीच होत्या असे त्यात दिसले, तर निर्णय बदलू शकतो. शस्त्रक्रियेची गरज ठरलीच, तर दिवाळीच्या सुटीच्या पहिल्या दिवशी करून घ्या. तेव्हा ऊन उतरलेले असते, शाळा उघडेपर्यंत टाके निघालेले आणि सूज बरीच ओसरलेली असते, आणि उरलेले डाग वर्गातल्या मुलांच्या फारसे लक्षात येणार नाहीत.